लेमीला कुठल्या फळीवर ठेवायचं?

गेल्या पावसाळ्याआधी घराला रंग काढला. भिंतीवरच्या फळ्या रिकाम्या कराव्या लागल्या आणि माझ्या कॅसेटी, सीड्या, चार-दोन रेकॉर्डी असा सगळा संसार हॉलमध्ये जमिनीवर आला. रंगारी गेल्यावर तो परत लावायचं काम भाच्याने अंगावर घेतलं. बरोबर त्याची कॉलेजातली मैत्रीण होती. ती गिटार वाजवते, आणि चांगली वाजवते. दोघांनी परस्पर ठरवून टाकलं की या वेळी मावशीचं सामान शिस्तीत लावायचं, एका फळीवर मेटल, दुसरीवर पंक (दोन्ही रॉकचेच दणदणीत प्रकार), उरलेलं खाली. तासाभरात जमीन दिसू लागली. शेवटी हातात एकच सीडी राहिली, मोटरहेड या ब्रिटिश बँडची ‘एस ऑफ स्पेड्स’. कव्हरवर काळ्या कातडी कपड्यांत तिघे उभे. मागे वाळवंट वाटतं, पण फोटो लंडनच्या उत्तरेला एका वाळूच्या खाणीत काढलेला आहे. भाचा म्हणाला, “मेटल.” ती म्हणाली, “काहीतरीच काय, पंक आहे हे.” “पंक? अगं, केस बघ त्यांचे. कमरेचे ते गोळ्यांचे पट्टे बघ.” “मी बघत नाहीये रे, ऐकतेय.” मग शब्दाने शब्द वाढत गेला. दोघांनी आपापल्या फोनवरून पुरावे म्हणून गाणी लावली, चहाचे कप तसेच राहिले, आणि निघायची वेळ झाली तेव्हा सीडी टीपॉयवरच होती.

दोघांचेही कान तयार आहेत. तरी एकाच गाण्यात दोघांना दोन वेगळे बँड ऐकू आले.

हे मला पुढचे कित्येक दिवस सोडेना. खुद्द लेमी किल्मिस्टरला, म्हणजे मोटरहेडच्या गायक-बेसवाल्याला, विचारलं असतं तर त्याने दोघांनाही उडवून लावलं असतं. तो दर कार्यक्रमात माइकसमोर येऊन सांगायचा, आम्ही मोटरहेड, आम्ही रॉक अँड रोल वाजवतो. आणि हे तो टाळ्यांसाठी बोलत नव्हता. त्याचा जन्म १९४५ चा, स्टोक-ऑन-ट्रेंटमधल्या बर्सलेमचा. त्याने पोरवयात लिटल रिचर्ड ऐकला, लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबमध्ये जाऊन बीटल्स पाहिले, काही काळ जिमी हेंड्रिक्सचं सामान उचललं. हॉकविंड या बँडमधून काढून टाकल्यावर १९७५ मध्ये त्याने मोटरहेड उभा केला तेव्हा तो तिशीला टेकला होता आणि लंडनमध्ये पंक अजून यायचा होता. पहिला अल्बम १९७७ च्या ऑगस्टमध्ये चिझिक या छोट्या कंपनीने काढला, म्हणजे पंकच्या ऐन भरात. १९७८ मध्ये द डॅम्ड या पंक बँडबरोबर तो बेस वाजवायला उभा राहिला. ज्यूडास प्रीस्ट या मेटल बँडपेक्षा आपलं द डॅम्डशी जास्त जुळतं, असं तो पुढे आयुष्यभर सांगत आला. तरी मेटलवाल्यांनी त्याला आपल्या देव्हाऱ्यात बसवलं ते बसवलंच. भाच्याने दाखवलेले केस आणि गोळ्यांचे पट्टे, एवढा पुरावा त्यांना पुरेसा होता.

माझ्यापुरतं सांगायचं तर लेमी मला पहिल्यांदा भेटला तो बिनचेहऱ्याचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या बिल्डिंगमधला एक दादा जहाजावर होता. सुट्टीवर आला की बॅगेत रेकॉर्डी असायच्या आणि आम्ही पोरंपोरी त्याच्या दारात घुटमळायचो. मी घरातलीच एक नव्वद मिनिटांची कॅसेट त्याला दिली. त्याने एका बाजूला ‘एस ऑफ स्पेड्स’ भरला, तो साधारण छत्तीस मिनिटांचा. दुसऱ्या बाजूला रामोन्स या पंक बँडचा १९७६ चा पहिला अल्बम, चौदा गाणी अन् एकोणतीस मिनिटं. रामोन्स संपले की खालचं पुसायचं राहून गेलेलं आईचं कीर्तन मध्येच उगवायचं, बुवा एकदम आख्यानाच्या ऐन भरात. कॅसेटवर ना कव्हर, ना फोटो, ना कोणी कुठल्या जातीचं ते सांगणारं साप्ताहिक. पेन्सिलीने ए आणि बी, बस. मी ती आतल्या खोलीत पंख्याच्या घरघरीत ऐकायची आणि मला दोन्ही बाजूंत एक फरक स्पष्ट कळायचा. ए बाजूचे तिघे एकमेकांवर कुरघोडी करायचे, बेस गिटारच्या अंगावर जायचा, ड्रम दोघांच्या मधून वाट काढायचा. बी बाजूचे चौघे मात्र एकच माणूस झाल्यासारखे एका रेषेत धावायचे. शिवाय ए बाजूला मध्ये गिटार एकटीच बोलायला लागायची, बी बाजूला कुणालाच एकटं बोलायची मुभा नव्हती. याला काय नाव द्यायचं याची तेव्हा गरज पडली नाही.

नावं आली ती नंतर, माणसांबरोबर आली.

त्या दिवशी वाद रंगात आला तेव्हा भाच्याच्या मैत्रिणीने गिटार बाहेर काढली. अँप नव्हता, तारांचा नुसता कोरडा खणखणाट. तरी तिने जे दाखवलं ते मी विसरणार नाही. उजव्या हाताने तिने फक्त खाली जाणारे आघात सुरू केले, एकही वरचा नाही, एका लयीत, मनगट आवळून. “हा जॉनी रामोन,” ती म्हणाली. मग हात तसाच चालू ठेवून तळहाताची कड तिने ब्रिजपाशी, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथे, तारांवर हलकेच टेकवली. आवाज एकदम आखडला, घट्ट झाला, छातीत बसायला लागला. “आणि हा मेटालिकाचा जेम्स हेटफील्ड.” पुन्हा कड उचलली, पुन्हा रामोन्स. तेच सूर, तोच वेग. करंगळीकडचं बोटभर मांस तारेला लागतंय की नाही, एवढाच काय तो फरक. मेटालिका या मेटल बँडने २००३ च्या एका आदरांजलीच्या अल्बमसाठी रामोन्सचं गाणं वाजवलं होतं, तेव्हा त्यांच्या हाताला काही नवीन शिकावं लागलं नसणार. भाचा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, “पण सोलो?” आणि त्याचंही खरं होतं. पंक सोलोला तोंड वाकडं करतो. एकाने पुढे येऊन बाकीच्यांना मागे उभं करायचं, हेच त्याला मान्य नसतं.

आपल्याकडे गाण्यातल्या घराण्यांवरून वाद घालायची खोड जुनी आहे. हे किराण्याचं नव्हे, ही तान जयपूरची, असं मांडवात मागच्या रांगेतून पुटपुटणारे असतातच, आणि त्यांच्याशेजारी बसायला मला आवडतं. पण घराणं आधी गुरूच्या घरात मुरतं, पिढ्या जातात, मग त्याला नाव पडतं. इथे बरेचदा उलटं झालं. १९७९ मध्ये ‘साउंड्स’ या ब्रिटिश साप्ताहिकाने मेटलच्या नव्या ब्रिटिश लाटेची आरोळी ठोकली आणि कुठल्याकुठल्या गावांतले, एकमेकांची तोंडंही न पाहिलेले बँड एका रात्रीत भाऊबंद झाले. त्यातलाच आयर्न मेडन. त्यांचा १९८० चा पहिला अल्बम लावा आणि पॉल डिॲनोचा आवाज ऐका. आखूड केसांचा, पूर्व लंडनचा, अंगावर येणारा आवाज. समीक्षकांना त्यात पंक दिसला. बँडचा कर्ता स्टीव्ह हॅरिस पंकच्या नावानेही चिडायचा. कान एकीकडे ओढत होते आणि मालक दुसरीकडे. मला विचाराल तर दोघांचं भांडण त्या अल्बममध्येच आहे, आणि म्हणून तो त्यांच्या पुढच्या आलिशान अल्बमांपेक्षा मला जवळचा वाटतो.

त्यांचा आलिशानपणाही मी पाहिलाय. १ फेब्रुवारी २००८ ला त्यांच्या जागतिक दौऱ्याची सुरुवातच मुंबईत झाली, बांद्रा-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीएच्या मैदानावर. धूळ, घाम, काळ्या टी-शर्टांचा समुद्र. आणि पहिल्या गाण्याआधी भोंग्यांतून चर्चिलचा आवाज, समुद्रकिनाऱ्यांवर लढू वगैरे. माझ्या आजूबाजूची पोरं त्या आवाजाला बेंबीच्या देठापासून ओरडून साद देत होती. मीही ओरडत होते, आणि त्याच वेळी बंगालच्या दुष्काळातला हा माणूस आपल्या मैदानात असा दणक्यात काय म्हणून येतोय, या विचाराने घशात काहीतरी अडकलं. तेव्हा मला दोन्हीतला फरक पहिल्यांदा नीट लागला असं वाटतं. मेटल सत्तेचा आवाज घेतो आणि त्याचा भव्य दरवाजा करतो, आपण त्यातून आत जातो, लढाई पाहतो, थरारतो. पंकच्या हाती तोच आवाज पडता तर त्याने तो फाडला असता. सेक्स पिस्टल्स या पंक बँडने १९७७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवातच तिच्यावर गाणं केलं आणि थेम्स नदीत बोट घालून ते वाजवलं. पोलिसांनी बोट धक्क्याला लावायला लावली, धरपकड केली. त्या गाण्यात गिटारचा आवाज मेटलवाल्याला लाजवील इतका जाडजूड आहे. म्हणजे फरक गिटारमध्ये शोधून सापडणार नाही.

हे लिहिताना एक राग मात्र मनात आहे तो लपवत नाही. पंकबद्दल लिहिणाऱ्यांनी मेटलकडे नेहमी नाक वर करून पाहिलं. पंक म्हणजे कामगारांच्या पोरांचा उद्रेक आणि मेटल म्हणजे मूर्खांचा गोंगाट, अशी वाटणी वर्षानुवर्षं चालली. अरे, पण ब्लॅक सबॅथचा गिटारवाला टोनी आयोमी कोण होता? बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात काम करणारा सतरा वर्षांचा पोरगा. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशिनमध्ये हात गेला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायची बोटं हीच. गिटार सुटली म्हणून खचलेल्या त्या पोराला कारखान्यातल्या वरिष्ठाने जॅंगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, जो आगीत भाजलेल्या हाताने दोनच बोटांवर वाजवायचा. आयोमीने प्लॅस्टिकच्या बाटलीचं बूच वितळवून बोटांना टोपणं बनवली, त्यावर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या, आणि पुढे बोटांना सोपं जावं म्हणून तारा सैल करून सूर खाली उतरवला. मेटलचा तो जडशीळ, जमिनीखालून आल्यासारखा आवाज घडला त्यात कारखान्यातल्या अपघाताचा हा वाटा आहे. ब्लॅक सबॅथचा पहिला अल्बम १९७० च्या फेब्रुवारीत आला आणि ‘रोलिंग स्टोन’मध्ये समीक्षक लेस्टर बँग्जने तो झोडपून काढला. तोच बँग्ज पंकचा सर्वांत मोठा वकील झाला. त्याच्या लेखणीवर माझा जीव आहे, तरी हे मी त्याला माफ केलेलं नाही.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे पंक नीट पोचलाच नाही. मेटल मात्र रुजला. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडांचा महोत्सव व्हायचा. नव्वदीत आम्ही मुली तिथे घोळका करून जायचो, कारण एकटीने त्या गर्दीत शिरायची सोय नव्हती. उघड्यावरचं ते थिएटर, वर आकाश, बाजूला झेवियर्सची दगडी भिंत. पुढे आवाजाच्या नियमांमुळे तिथले कार्यक्रम बंद पडले. त्या गर्दीला बँडकडून हवी असायची ती मेडन-मेटालिकाची गाणी, आणि तीही रेकॉर्डबरहुकूम. गिटारवाल्याचा एक सूर निसटला तरी पोरांच्या लक्षात यायचं. कॉलेजच्या स्पर्धांतही परीक्षक बसलेले, त्यांना तयारी दिसायला हवी. रियाज केलेल्या बोटांना मान देण्याची आपली रीत मेटलला आयती मिळाली. तीन सूर येतात ना, मग उभा राहा आणि म्हण, हे पंकचं सांगणं आपल्या कानाला उर्मटपणाचं वाटतं. मला ते तसं वाटत नाही. किंबहुना त्या वयात कोणीतरी मला ते सांगायला हवं होतं, असं फार वाटतं. आमच्या घोळक्यातल्या एकीनेही कधी गिटार हातात घेतली नाही, कारण येत नव्हती. ‘येत नाही’ हे न घेण्याचं कारणच असू शकत नाही, हे सांगणारी बी बाजू माझ्याजवळ कपाटात पडून होती.

पण पंकच्या अंगणातही कुंपणं कमी नव्हती. कॅलिफोर्नियाच्या ब्लॅक फ्लॅग या पंक बँडने केस वाढवले आणि १९८४ मध्ये ‘माय वॉर’ हा अल्बम काढला. त्याच्या दुसऱ्या बाजूला सहा-सहा मिनिटांच्या वर चालणारी तीनच गाणी, सबॅथसारखी चिखलातून पाय ओढत जाणारी. ज्यांना दीड मिनिटाच्या धडकेची सवय होती त्यांना ही फसवणूक वाटली. बंडाचा गणवेश ठरला की तो न घालणारा पहिला गुन्हेगार होतो. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या डिस्चार्ज या पंक बँडची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी. त्यांचा १९८२ चा अल्बम म्हणजे अणुयुद्धाच्या भीतीने भरलेल्या, दोन-तीन ओळींत आटपणाऱ्या आरोळ्या. मोटरहेडचा वेग त्यांनी घेतला आणि त्यातला सगळा मजा-मस्तीचा भाग काढून टाकला. ड्रमचा ठेका साधाच, पण बास ड्रमचा ठोका असा आधी येऊन पडतो की गाणं आपल्याच पायांवर पुढे कोसळत राहतं. त्या ठेक्याला आज जगभर त्यांच्याच नावाच्या आद्याक्षराने ओळखतात. स्वीडनपासून जपानपर्यंत पोरं तो वाजवतात. आणि याच डिस्चार्जने १९८६ मध्ये हार्ड रॉककडे वळून उंच आवाजात गायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांच्याच लोकांनी त्यांना स्टेजवर सळो की पळो करून सोडलं. मला तो अल्बम आवडत नाही. पण वळायची परवानगी कोणाला मागायची असते, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या टोकाला बर्मिंगहॅमचा नेपाम डेथ हा बँड. त्यांचा अल्बम ‘स्कम’, १९८७. एका बाजूला वाजवणाऱ्यांचा एक संच, दुसऱ्या बाजूला जवळजवळ पूर्ण वेगळा. दोन्हीकडे समान फक्त ड्रमवाला मिक हॅरिस. सुरुवात पंकच्या छावणीतून, शेवट मेटलच्या, आणि मध्ये गिनीज बुकात गेलेलं सव्वा सेकंदाचं गाणं. त्या अल्बमला कुठल्या फळीवर ठेवायचं हे भाचा आणि त्याची मैत्रीण दोघांनाही पटकन कळलं नव्हतं, मी पाहिलं होतं. मग त्याने हळूच मेटलमध्ये सरकवला आणि तिने पाहूनही काही म्हटलं नाही.

एवढं सगळं असूनही वाद बंद व्हावा असं मला वाटत नाही. हल्ली ॲप उघडलं की गाणी व्यायामासाठी, अभ्यासासाठी, रात्री गाडी चालवताना अशी मनःस्थितीप्रमाणे रचून ठेवलेली मिळतात. तिथे मोटरहेड आणि रामोन्स शेजारीशेजारी सुखाने नांदतात, कारण ते कोण आहेत याच्याशी कोणालाच देणंघेणं नसतं. धावणाऱ्याच्या पायांना ठेका मिळाला की काम झालं. त्या शांततेपेक्षा मला माझ्या हॉलमधली हमरीतुमरी हजार वाटांनी बरी वाटते. त्या दोघांनी एकमेकांना खोटं पाडण्यासाठी एक गाणं पाच वेळा ऐकलं. तिने हाताची कड दाखवली, त्याने सोलो दाखवला, दोघांनी ड्रम मोजला. फळी कुठली हा प्रश्न नसता तर एवढं कान देऊन त्यांनी ते ऐकलंच नसतं.

माझं उत्तर विचाराल तर ते एका जाडजूड सीडीत आहे. मेटालिकाने १९९८ मध्ये ‘गॅरेज इंक.’ काढला, सगळी दुसऱ्यांची गाणी. त्याचं पहिलंच गाणं डिस्चार्जचं. पुढे पंकच्या बाजूचे मिसफिट्स येतात, अँटी-नोव्हेअर लीग येतो, किलिंग जोक येतो, त्यांच्या पंक्तीला मेटलच्या बाजूचे सबॅथ, डायमंड हेड, बजी. आणि दुसऱ्या सीडीच्या शेवटी ओळीने चार गाणी मोटरहेडची. ती १९९५ ची, लेमीच्या पन्नाशीच्या सुमारास वाजवलेली, जेव्हा या चौघांनी त्याच्यासारखे पोशाख करून त्याच्यासमोर त्याचीच गाणी म्हटली होती. जगातल्या सर्वांत मोठ्या मेटल बँडने आपण कुठून आलो ते सांगायला बसल्यावर सुरुवात पंक बँडने केली आणि शेवट केला तो आपण दोन्ही नव्हे म्हणणाऱ्या माणसाने. डिस्चार्ज आणि लेमी दोघंही स्टोक-ऑन-ट्रेंटचे, चिनी मातीच्या भांड्यांच्या गावचे. २०२५ मध्ये बर्सलेममध्ये लेमीचा पुतळाही उभा राहिला. रामोन्सवर त्याने १९९१ मध्ये दीड मिनिटाचं गाणं केलं होतं, त्यांच्याच चालीचं, त्यांच्याच धडाक्याचं, आणि १९९६ मध्ये हॉलिवूडला रामोन्सचा अखेरचा कार्यक्रम झाला तेव्हा ते म्हणायला तो स्वतः स्टेजवर चढला. माझ्या कॅसेटची ए बाजू बी बाजूच्या निरोपाला गेली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. भाच्याला आणि त्याच्या मैत्रिणीला ते रेकॉर्डिंग मी पाठवलंय. त्यावरून दोघांचं पुन्हा जुंपलंय, आणि या वेळी मीही त्यात आहे.